पंचेचाळीस दिवसांचा

लॅम रोडवरच्या बेकरीत मी राख काढायचो.
पहाटे चारला, भट्टी अंगात ऊब धरून असताना,
आणि आर्देशीरशेठ गल्ल्यावर बसून सुटे पैसे लावता लावता
त्यांच्या जुन्या मुलखातला एक राजा सांगायचे.

दुसरा झर्क्सीस. पंचेचाळीस दिवस.
"एवढ्यात द्राक्षात साखर तरी भरते का, निवृत्ती?"
सण होता. तो प्याला, झोपला,
आणि सावत्र भाऊ आत आला.
पुढचं शेठ कधी सांगत नसत. पाव मोजायला घ्यायचे.

सांगायचे ते खेचरांचं.
त्याच्या आईबापाचं प्रेत गाड्यावर चढवलेलं,
दोघं गेली एकाच दिवशी.
खेचरं जागची हलेनात.
चाबूक झाला, हरभरे झाले.
मग पोराचं प्रेत आणलं
तेव्हा आपसूक चालायला लागली.

माझा आजा कॅम्पातल्या पलटणीत खेचरांकडे होता.
तो म्हणायचा, खेचर अडलं की खेचराकडं बघू नको,
रस्त्याकडं बघ.

मारणारा भाऊही साडेसहा महिनेच टिकला.
तिसऱ्याने शपथा घालून बोलावला
आणि राखेत ढकलला.
नुसत्या राखेत? मी विचारलं.
शेठ माझ्या पत्र्याच्या बादलीकडं बघत राहिले.

शेठ गेले मार्गशीर्षात.
सोहराब गल्ल्यावर बसला. चांगला होता,
ब्रून जरा जाळायचा.
मग पुण्याहून दुसरीचा फिरोज आला, स्टँपपेपर घेऊन.
कोणी कोणाला मारलं नाही.
आता तसं होत नाही.
एक कुलूप लागलं. त्यावर दुसरं.
त्यावर कोर्टाची लाल लाख.
मी दिवस मोजले नाहीत.
खोटं कशाला बोलू, मोजले.
पंचेचाळीस नव्हते. त्रेसष्ट.

अजून चारला जाग येते.
पाय आपोआप त्या शटरपर्यंत जातात
आणि तिथं अडतात.
मी रस्त्याकडं बघतो. रस्ता ठीक आहे,
सिन्नरकडून भाजीचे टेम्पो येतायत.

परवा विंचुरेबाई दारात आल्या.
निवृत्ती, भांड्यांना राख आहे का रे थोडी?
आहे, म्हटलं.
शेवटची काढायची राहिली.
आतच आहे.