रकाना सात

एकशे बारा झाल्या तोवर भरती लागली होती.
दाभोळच्या धक्क्याला गलबत वर आलं,
फळी तिरकी झाली.
इक्बाल सोलकर घड्याळ बघत नव्हता,
मुद्दाम पाण्याकडे बघत होता.

एकशे तेरावी काळी, लांब कानांची,
घाटावरून दोन रात्री ट्रकात उभी.
शिवराम भुवडने शेपूट उचललं.
"मॅडम, ह्यो दोरा कसला?"

निळा दोरा.
आत, त्याच्या टोकाला, बोटभर स्पंज.
त्यातलं औषध माज अडवून धरतं.
स्पंज काढला की
अख्खा कळप एका आठवड्यात गाभण राहतो.

रकाना सात विचारतो:
संप्रेरके दिली आहेत काय? होय / नाही. नको ते खोडा.
मांस फुगवायला दिली की वेत साधायला,
हे तो विचारत नाही.
पलीकडच्या बंदरात पंख्याखाली बसून
कुणीतरी हा कागद वाचेल.
माझ्या सहीपलीकडे त्याला माझं काही ठाऊक नसेल.

याच खाडीत एकेकाळी अरबी घोडे उतरायचे.
दात बघायचे, खूर उचलायचे, नाणी मोजायची.
कुणी रक्त नव्हतं मागितलं.

"ओढून टाका ना," सोलकर म्हणाला, हळूच.
औषध काय दोऱ्याला बांधलेलं असतं?

शिवाय ती गाठ.
दुहेरी, टोक जाळलेलं.
पंधरवड्यापूर्वी खात्याने मला शिबिराला धाडलं होतं,
जतच्या पलीकडे, एका दिवसात साठ शेळ्या.
दोरे उसवू नयेत म्हणून लायटर मीच मागवला.
बाराव्या दिवशी काढा, असं बायकांना तीनतीनदा सांगितलं.
नवव्या दिवशी बाजार होता.

मी "नाही" खोडलं.
पेन अडकलं, कागद थोडा फाटला.
कोणी दिली, असा रकाना नाही.
समासात जागा होती, तिथे माझंच नाव घातलं,
कंस नाही, खुलासा नाही.

एकीसाठी सगळा लॉट थांबतो, हा नियम.
फळी काढली. नाखवा काही बोलला नाही,
त्याने विडी शिलगावली आणि दोर सोडला.

"दोनशे जनावरं, मॅडम," सोलकर म्हणाला,
"फेरतपासणीपर्यंत खातील काय? ही वाळू?"
माझ्याकडे त्याचा रकाना नव्हता.

शिवराम कोयता घेऊन
मशिदीमागच्या फणसावर चढला होता.
पहिली फांदी पडली तेव्हा
काळी सगळ्यांच्या आधी पोचली,
दोरा मागे हलत.