सिनेटर बारिया, दाऊद तेलवाल्याच्या सांगण्यातून

नाव ऐकून दाऊदचाचांना वाटलं, वेरावळचा असेल.
"बारिया? गुजराती काय रे?"
क्रेनवरचा माणूस हसला. पुढचे दोन दात नव्हते.
वालपरायसोच्या धक्क्यावर जहाज पाच आठवडे अडकलेलं,
मालकाने रसद तोडलेली,
आणि हा एलिसेओ बारिया, स्वतः संपावर,
बादलीभर उकडलेले शिनाणे घेऊन शिडी चढला.
"बिस्मिल्ला म्हटलं नि खाल्ले," चाचा म्हणतात.
"आंजर्ल्याच्या खाडीतल्यापेक्षा मोठे,
पण चव, खोटं कशाला बोलू, आपलीच बरी."

त्यानंतर कार्डं.
अर्थ लावायचा लाँचवरचा मिंगेल, पोर्तुगीजच्या अंदाजाने.
पहिलं: नगरपालिकेत निवडून आलो.
दुसरं: नगराध्यक्ष. खांबाखाली उभा, कोट दुसऱ्याचा.
तिसरं: खासदार.
त्या दिवशी चाचांनी अख्ख्या पाजपंढरीत पेढे वाटले,
कुणाला कळलं नाही कुठला कोण निवडून आला.

मग अकरा वर्षं काहीच नाही.
रेडिओवर एकदा देशाचं नाव आलं, रणगाडे, एवढंच.
इकडे चाचांच्या तीन मुलींची लग्नं झाली,
गुडघा गेला, जहाजाचं पुस्तक ट्रंकेत गेलं.
आणि अचानक स्वीडनचं तिकीट, बर्फातलं चर्च:
बसगाड्या धुतो. हात फुटलेत. जिवंत आहे.
"जिवंत" हा शब्द मिंगेलने दोनदा वाचला.

परत गेला. सिनेटर झाला, चारशे बारा मतांनी.

आणि मग ते कार्ड,
जे चाचा रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवतात.
कायदा आला होता, समुद्र सात घराण्यांना वाटून द्यायचा,
त्यांच्या मोठ्या जाळ्यांना, त्यांच्या फिशमिलला.
बारिया आयुष्यभर त्याविरुद्ध बोललेला.
पक्षाने सांगितलं, या खेपेला हो म्हण, पुढचं पुढे बघू.
कार्डावर एकच ओळ:
हात वर केला. माझाच होता.

त्याच्याच बंदरात लोकांनी त्याला माशांची डोकी मारली.
"मी असतो तर मीपण मारलं असतं," चाचा म्हणतात,
"मग घरी नेऊन आंघोळीला पाणी तापवलं असतं."

हे सगळं मी ऐकते हर्णैच्या लिलावानंतर,
पालथ्या टोपलीवर बसून, पायांखाली बर्फाचं पाणी.
मिलचा ट्रक भरतोय.
करंगळीएवढी तारली, बांगड्याची पिल्लं,
खोऱ्याने, वाळू भरावी तशी.
उद्या सोसायटीची सभा. ठराव क्रमांक सहा,
मिलला जेटीवर जागा द्यावी.
मी चंद्रभागा पावसे, संचालक मंडळावरची पहिली बाई,
बिनविरोध. ज्यांनी बिनविरोध आणलं, त्यांचाच ट्रक.
बदल्यात विकणाऱ्या बायकांना शेड.
शेड हवीच आहे हो. चार पावसाळे
डोक्यावर प्लास्टिक धरून पापलेट विकलंय मी.

चाचा, काय करू?
ते ट्रकच्या चाकांकडे बघतात. पिशवीची नाडी आवळतात.
"हाताला त्यांच्यात 'मानो' म्हणतात," एवढंच.
मानो.
"मान्य"सारखं वाटतं ऐकायला.
"वाटतं खरं," चाचा म्हणतात, आणि काठी शोधतात.

घरी येऊन साबण लावला, लिंबू चोळलं.
उजव्या हाताला अजून तारलीचा वास आहे.
सभा अकराला.