पाणी मुरतंय

दिवसा मी दात करते.
दाखवायचे आणि खायचे, दोन्ही.
वूच शहरातल्या एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर,
परक्या हिरड्यांचे साचे रांगेत बसून माझी वाट पाहतात.
रात्री त्याच मेणातून, त्याच बारीक कोरण्यांनी
मी एक माणूस करते, वीतभर.

नाव अजून नाही.
सूतगिरणीतला फिटर आहे, एवढं ठरलंय.
तारेचा कणा, फ्लॅनेलची विजार,
भुवया माझ्याच जुन्या ब्रशच्या.
सात डोकी झाली. पहिलं फारच देखणं होतं.
तिसरं हळूहळू माझ्या पहिल्या नवऱ्याच्या वळणावर गेलं,
वितळवलं.
डोकं कुठलंही बसवा, चाल तीच:
सेकंदाला बारा वेळा सरकवलेला
मेणाचा ठोकळा.

आणि वाफ.
वाफेने नाकी नऊ आणले.
कापूस पिंजून पाहिला, मेंढी दिसली.
काचेवर साय ओढली. बरणीत सिगारेटचा धूर कोंडला.
कॉम्प्युटरमधली तयार वाफ इतकी गुळगुळीत
की तिच्यात कुणाचा हात भाजलाच नसता.
शेवटी न्हाणीच्या टबात शाई सोडली,
कडेने दिवा, वरून कॅमेरा,
आणि नळ बंद करायचा राहिला.

मध्यरात्री दार वाजलं.
खालचे झेनोन वावझिन्याक,
ऐंशीच्या घरातले, पायजम्यावर ओव्हरकोट.
"बाई, माझ्या छतात पाणी मुरतंय."
या आत, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

भांडायला आलेला माणूस टेबलापाशी थांबला.
चष्मा पुसला.
"पाना असा धरतात होय?
अंगठा जाईल त्याचा."
आणि माझ्या स्वयंपाकघरात
ते नसलेल्या मागाखाली वाकले.
आधी डावा खांदा. मग मान.
मग कान, लोखंडाला टेकवल्यासारखा.
"आवाज ऐकायचा नाही. हाडातून कळतं."
गुडघा सगळ्यात शेवटी, कुरकुरत.
मला पेन्सिल सापडेपर्यंत तीनदा वाकले,
चौथ्यांदा उठता येईना.
मग मीही फरशीवर बसले.
टब घोटाघोटाने रिकामा होत होता.

सकाळी भरपाईचं बोलायला खाली गेले.
छतावर डाग.
कडेला तपकिरी, आत निळसर,
अजून पसरत होता, दमादमाने, कुणाला न विचारता.
कुठल्याच काचेवर न जमलेली माझी वाफ.
"रंगारी बोलावू नका," मी ओरडलेच.
शिडी आणली, कॅमेरा उताणा बांधला.
नऊ दिवस, दर वीस मिनिटांनी एक चित्र.
ते त्याखाली बसून बिटाचं सूप पीत,
आणि क्लिकच्या वेळी चमचा थांबवत,
जणू फोटो त्यांचाच.

वूच म्हणजे होडी.
नद्या मात्र गिरण्यांच्या काळातच जमिनीखाली गेल्या.
आमच्या होडीला पाणी
असं वरच्या मजल्यावरूनच मिळायचं.

मार्चपर्यंत अकरा सेकंद झाले.
चादर टांगून दाखवले.
माणूस वाकतो. खांदा, मान, कान.
वाफ त्याला गिळते, मग सोडते.
"परत लाव," ते म्हणाले. परत लावलं.
"आवाज नाही याला."
अजून नाही, मी मोठ्याने सांगितलं, त्यांच्या उजव्या बाजूने.
"राहू दे. आम्हालाही येत नसे."

आज आठवं डोकं केलं.
डावा कान जरा चपटा ठेवलाय.