कंसातली ओळ

स्टेजच्या पुढे कंबरभर खड्डा,
त्यात तणस, तणशीवर पोतं, पोत्यावर मी.
मांडीवर वही, जांभळ्या कार्बनची तिसरी प्रत,
पान सत्तावीसवर कुणाच्या तरी चहाचं कडं.
बावीस हिवाळे असेच गेले.
नाटक मी पाहिलं नाही कधी.
वाचलं, आणि मान वर केली तर
पावलं दिसली : आळता, पैंजण, फाटके मोजे.

कवडू मास्तर म्हणतात, नाटक वाचावं,
करणारे त्याचा चोथा करतात.
ऑर्गनवाला झिबल म्हणतो,
वाचायचा तो सातबारा, नाटक कसलं वाचता?
मला कुणी विचारत नाही.

सावरटोल्यात, शंकरपटाच्या रात्री,
तिसऱ्या अंकात जनरेटर धापा टाकून बसला.
धुकं स्टेजवर चढलेलं. दोन-अडीच हजार माणसं
तिकीट काढून, वाकळा पांघरून, अंधारात.
मालक वाकून म्हणाला, "तू वाच."

मानेत बॅटरी दाबून मी वाचलं.
सासरा, दीर, फौजदार, सगळे
माझ्याच घशातून, तंबाखूच्या वासासकट.
कुणी उठलं नाही. रडणारं एक पोर थांबलं.
मास्तर तिथं असते तर जिंकले असते.

मग पान सत्तावीस. चहाच्या कड्यात कंस :
(ती गप्प राहते.)

बावीस वर्षं ही ओळ मी कुणाला पुरवली नव्हती.
कंसातलं प्रॉम्प्टर बोलत नाही.
वाचली तर मोडते.
न वाचली तर लोकांना वाटेल
बॅटरी गेली.

मी थांबलो.
आणि माझ्या डोक्यावर, हातभर अंतरावर,
काळ्याकुट्ट फळ्यांवर कुठंतरी
एक बांगडी मनगटावरून कोपराकडे घसरली.

हेमलता तिथंच उभी होती.
विंगेत गेलीच नव्हती.
कुणाला दिसत नसताना
गप्प राहात होती,
वहीत लिहिलंय त्याहून जरा जास्तच.

आता कधी दुपारी घरी वही उघडतो,
कंसावर बोट ठेवतो.
एखाद्या दिवशी वाजते ती बांगडी.
एरवी मोरीतली भांडी.

त्या पहाटे चहाच्या टपरीवर
वाकळेत गुंडाळलेल्या एका म्हातारीनं विचारलं,
"ते बाई रडली का जी, अंधारात?"
म्हटलं, "कोनाले माईत."
"मले तं दिसली," ती बशीत फुंकत म्हणाली,
"तुमाले खड्ड्यातून का दिसन!"