हातचा एक

हरल्याच्या रात्री बाबांनी एक कोडं तयार केलं.
जेवले नाहीत. क्लासच्या मुलांची पाठकोरी पानं घेतली,
पेनात लाल रिफिल घातली आणि लिहिलं:

एका वसाहतीत पाच इमारती.
घरं पंधरा, पंधरा, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस.
घरामागे एक मत.
पण मोजायची ती वजनं: तीन, तीन, पाच, सात, नऊ.
जो इमारत जिंकेल, तिचं सगळं वजन त्याचं.
बेरीज सत्तावीस. चौदा मिळवेल तो अध्यक्ष.
तर कमीत कमी किती घरं पटवली
की वसाहत खिशात?

खरे आकडे इतके सुबक नव्हते.
खऱ्या विक्रोळीत, खाडीच्या अंगाला,
पाचव्या बिल्डिंगीत अर्धे भाडेकरू, दोन घरं कुलूपबंद,
आणि एकात तेंडोलकर आजोबा,
जे बाबांनाही हो म्हणायचे आणि गिरकरांनाही,
चहा मात्र दोघांनाही बिनसाखरेचा.
बाबांना अपूर्णांक आवडत नसत.

मी तेरा वर्षांची. वाटलं,
सोडवून दिलं की जेवतील.
लहानांपासून सुरुवात केली, लहान होते म्हणून.
तीन नि तीन सहा, सहा नि सात
तेरा.
एकाने हुकलं. खोडरबराने पान फाटलं.
मग तीन, पाच, सात: वजन पंधरा, घरं एकोणचाळीस.
मग नऊ आणि पाच. चौदा, काठोकाठ.
नवासाठी तेवीस घरं, पाचासाठी तेरा.

"छत्तीस," मी म्हटलं.
हा आकडा आमच्याकडे गणितात कमी
आणि भांडणात जास्त यायचा.
"आणि उरलेली?"
"नव्व्याण्णव," बाबा लगेच म्हणाले,
सापशिडीतला शेवटचा साप दाखवावा तसं.

मग त्यांनी खरी यादी काढली.
तीन नंबरची बिल्डिंग. आमची.
एका मताने गेली होती,
आणि तिच्यामागोमाग सगळं: करार, बिल्डर, पाडकामाची तारीख.
तेरा जणांनी शब्द दिला होता, पेटीतून बारा निघाले.
बाबा बोट ठेवत खाली उतरले.
घोलप? त्यांच्या मुलीला फुकट शिकवलं.
पिंटो? शपथ घेतली होती, तीही न मागता.
मिस्त्रींवर बोट थांबलं, बराच वेळ.
तीनशे चारवर थांबलंच नाही.
ते आमचं घर.

घर आईच्या नावावर होतं.
मत द्यायला तीच गेली होती.
बाबा दिवसभर पाच नंबरच्या फाटकाशी,
तेंडोलकरांची वाट बघत.

आई ओट्यापाशी पिंपाचं झाकण लावत होती.
पहाटे चारला नळ यायचा. तिसरा मजला.
वाकलेला गुडघा सरळ करताना ती एक आवाज करायची,
जो आम्हाला ऐकू येईनासा झाला होता,
पंख्याचा येत नाही तसा.
न्हाणीत गळक्या स्लॅबखाली बादली,
आणि बिल्डरच्या रंगीत पत्रकात, पान दोनवर,
लिफ्ट.

"अहो, ताट वाढलंय," ती म्हणाली.
मग माझ्या पानावर वाकून, मलाच:
"बेरीज बरोबर आहे ना गं? हातचा एक विसरत जाऊ नये."
यात हातचा येतच नाही, मी सांगणार होते.
तिचा हात ओला होता. पानावर लाल शाई फुटली,
छत्तीसातला सहा पसरला.

बाबा जेवले. वांग्याची भाजी होती, दोनदा घेतली.
मिस्त्रींशी पुढे कधी बोलले नाहीत.

आता आम्ही सतराव्या मजल्यावर.
खाडी पूर्ण दिसते, ओहोटीला तिचा चिखलही.
बाबा अजून प्रत्येक बॅचला ते कोडं घालतात,
छत्तीस लिहिणाऱ्याला अर्धेच मार्क देतात,
का, ते सांगत नाहीत.
मिस्त्री गेले, तेव्हा बाबा लिफ्टने खाली उतरले
आणि लॉबीतूनच परत आले.
आईने दार उघडलं.
दोघंही काही बोलले नाहीत.
मी मोजत होते.