ळ

सावद्याहून चिनावलकडे जाताना
उजव्या हाताला जिल्हा परिषदेची शाळा.
व्हरांड्यात बाक, बाकावर मी,
मांडीवर निरीक्षणपत्रिका,
मोबाइलमध्ये स्टॉपवॉच.
विषय : प्राथमिक स्तरावरील वाचनप्रवाहिता.
नमुना दोनशे चाळीस.

सदतिसावी भाविका फेगडे, इयत्ता चौथी.
तेल चोपडलेल्या दोन वेण्या
आणि बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग,
साबणाला दाद न देणारे.
कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत
माझ्याही बोटांवर होते.

"कर सुरू," म्हटलं. आकडे पळायला लागले.

राजूची आई बाजारात गेली.
तिने एक डझन केळी विकत आणली.

भाविका दणक्यात निघाली होती,
"केयी" म्हणाली, "विकत" म्हणाली,
आणि थांबली.

चार सेकंद. सात.
मुलाला मदत करू नये, असं मार्गदर्शिकेत आहे.
बारा.
समोरच्या बागेत घड उतरवणं चाललं होतं,
कोयता लागला की खोडातून पाणी सुटतं
तसा ओला आवाज,
घड गेला की उभं खोड पाडायचं
आणि बुडाशी एकच पील ठेवायचं.
एकोणीस.
भाविकाने मान वर केली.
"बाई, केयी कोन इकत घेतं?"

सुरवाडे सर दारातच खळखळून हसले.
मला हसायचं नव्हतं, मी तटस्थ होते.

मी लिहिलं :
मिनिटाला शब्द, अठरा.
उच्चारदोष, एक.
श्रेणी, मदतीची गरज.
तिने त्या मिनिटात जो विचार केला
त्याला पत्रिकेत रकाना नव्हता.
साधन प्रमाणित होतं,
पुण्यातल्या तीन शाळांवर तपासलेलं,
आणि पुण्यात केळी
विकतच घ्यावी लागतात.

पुण्यात
होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात
मी म्हणाले होते, डोये दुखताहेत.
कुणी वाईट हसलं नाही.
गार्गी कर्वे तर प्रेमानं म्हणाली, परत म्हण ना, किती गोड.
मी परत म्हटलं नाही.
रात्री न्हाणीघराचा नळ सोडून
जीभ मागे वळवत, टाळूला लावत
फळा, शाळा, बाळ, जळगाव.
फळा. शाळा.
दिवाळीपर्यंत ळ आला.
सुट्टीत घरी मी "केळी" म्हणाले
तर मायने विळी थांबवून पाहिलं
आणि मला पाटावर बसवलं,
पाहुणीला बसवतात तसं.

शिक्षणाने व्यक्तिमत्त्वाचा विकास होतो
हे वाक्य माझ्या पहिल्या प्रकरणात आहे,
पान अकरा, खाली तीन संदर्भ.

देवस्थळी मॅडमनी तक्ता वरून खाली पाहिला.
सदतीस का अडकलाय?
मी सांगितलं. त्या मनापासून हसल्या,
छान आहे गं, प्रस्तावनेत घे,
पण विश्लेषणातून वगळ.
वगळ.
काय सुरेख ळ आहे त्यांचा,
दगडी जिन्यावरून पाणी उतरावं तसा.

वगळलेला नाही अजून.
ओळ निवडलेली आहे, निळी झालेली,
आणि बोट त्या बटणावर.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं
"वाचते",
मग खोडलं, कारण ते निरीक्षण नाही, मत आहे,
मग पुन्हा लिहिलं.

तेवढ्यात मायचा फोन.
जेवली का, थंडी आहे का तिथं,
झोपयांच्या पोरीचं जमलं,
औंदा घड बरे आहेत, भाव नाही.
आणि मग नेहमीचं,
"येय मियतो का तुले?"

एवढंच तर विचारलं होतं.
उत्तर एका शब्दाचं.
जीभ टाळूकडे निघाली सवयीनं
आणि मधेच राहिली.

चार सेकंद.
सात.
बारा.

"हालो," माय म्हणाली, "कटला का वं?"