मंगळवार, तिसरी रांग

नागपूरहून आलेला पोरगा टॅबवर बोट ठेवून विचारतो,
इथं हॉकीचं मार्केट आहे का, पारंपरिक?
म्हटलं, आहे ना. मंगळवारी. तिसरी रांग,
मिरचीवाल्यांच्या पलीकडं, शिंका थांबतात तिथं.

तो हसला नाही. त्याला प्रेक्षक हवे होते,
वयोगट, महिन्याचं उत्पन्न.
मी त्याला दौलत बोरकुट्यापुढं नेऊन उभा केला.
गोणपाटावर कुऱ्हाडीचे दांडे, वखराची रुमणी,
आणि त्याच ओळीत अकरा स्टिका,
तुतीच्या, घरच्या बंबावर वाफवून वाकवलेल्या.

एक बाई आली. डोक्यावरचं टोपलं तसंच ठेवून
तिनं स्टिक उचलली, एक डोळा मिटून लांबीवर नजर टाकली.
"गाठ हाय इथीसा. एका फटक्यात फुटन."
"पोट्टं कोन्या जागेवर खेळते?"
"पोट्टं नाही बावा, पोट्टी. लेफ्ट हाफ."
मग दौलतनं गोणपाटाखालून दुसरी काढली.

पोरानं काय लिहिलं, दिसलं नाही.
सांगायचं बरंच राहिलं.
नसीर पिंजारी गोलकीपरचे पॅड भरतो,
सरकी आत राहिली तर पावसाळ्यात रुजते;
एका साली गेडामच्या गुडघ्याला दोन पानं फुटली.
कोणता गेडाम? फुलबॅक नाही, राइट इन नाही,
तिसरा, जो गोलात उभा राहून पंचाशी भांडतो.

ही काठी गावात आणली कोणी?
जिनातला साहेब, म्हणतात काही.
काही म्हणतात मिशनचा डॉक्टर.
कौतिकाबुढी म्हणते, कोणीच नाही,
गाई वळता वळता तिचं खालचं टोक वाकलं.

मैदान मात्र दाखवलं.
वेचणीच्या दिवसांत कापसाच्या गाड्या उभ्या राहतात,
म्हणून डावी बाजू दबलेली.
चेंडू आपसूक तिकडं घरंगळतो,
आणि आमचे सगळे लेफ्ट आउट
चेंडूच्या आधी तिथं पोचायला शिकले.
त्याच्या टॅबात उताराचा रकाना नव्हता.

निघताना त्यानं विचारलं, एक केवढ्याला?
दौलतनं भाव सांगितला नाही.
पोराच्या कमरेशी स्टिक लावून पाहिली, बाजूला ठेवली,
दुसरी लावली.
"खेळता कोन्या जागेवर?"

पोरगा टॅब छातीशी धरून उभा.
पलीकडं कोणीतरी मिरचीचं पोतं उलटं केलं.
वारा आमच्याकडं फिरला.
तो शिंकला, मग मी, मग दौलत.
उत्तर अजून यायचं आहे.